झोपलेला वाघ

"कुठे टोचलं?"

समोरच्या माणसाने गेम खेळून मोबाईल खाली ठेवला की ती चष्मा कपाळावर सरकवायची, खुर्ची त्याच्यासमोर ओढून घ्यायची आणि एवढंच विचारायची. 'आवडला का' असं तिने कुणाला विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. "आवडला का विचारलं की लोक हो म्हणतात गं," ती म्हणायची. "पाहुण्याला भाजी कशी झाली विचारल्यासारखं होतं ते."

तुम्ही त्या काळात जव्हारच्या बाजारात गेला असतात तर तुमच्याही हातात तिने मोबाईल दिला असता. डेपोतल्या कंडक्टरला तिने सोडलं नाही, रताळी विकायला बसलेल्या बाईला सोडलं नाही. माणूस खेळत असताना ती स्क्रीनकडे बघायचीच नाही, त्याच्या अंगठ्यांकडे बघायची. अंगठा जिथे थबकेल तिथे आपलं काहीतरी चुकलं आहे, अशी तिची खात्री असे.

आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो. बाजारपेठेत तिच्या घरचं कापडाचं दुकान होतं, वडील गेल्यावर काकू, म्हणजे तिची आई, ते चालवायच्या. ताई पुण्याला एका मोठ्या गेम कंपनीत काही वर्षं होती. एक दिवस सामान घेऊन परत आली आणि दुकानावरच्या दोन खोल्यांत स्वतःचा गेम बनवायला बसली. नोकरी गेली असणार, असं बाजाराने ठरवून टाकलं. काकू गिऱ्हाइकांना सांगायच्या, "वर कॉम्प्युटरचं काम चालतं." गेम हा शब्द त्या तोंडातून काढत नसत. चाळिशीला आलेली मुलगी दिवसभर खेळ बनवते, हे साडीच्या गिऱ्हाइकाला कसं सांगायचं, हा त्यांचा प्रश्न होता.

मी मोखाड्याकडच्या एका पाड्यावरची. जव्हारला कॉलेजात शिकत होते. कॉलेजच्या फलकावर मी काढलेला एक वाघाचा मुखवटा तिने पाहिला आणि मला शोधत आली.

"हा रंग असा लावायला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. आमच्या घरी आहे तो."

पुढच्याच रविवारी ती आमच्या अंगणात उभी होती.

आमच्याकडे बोहाडा होतो. माणसं देवांचे, राक्षसांचे मुखवटे चढवतात आणि संबळाच्या तालावर नाचतात. कुठलं सोंग कुणाच्या घराने घ्यायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. आमच्या घराकडे वाघोबा आहे. ती आली तेव्हा बाबा अंगणात बसून मुखवट्याला नवा रंग देत होते. ती त्यांच्या शेजारी मातीतच बसली आणि त्यांचा हात कसा फिरतो ते बघत राहिली. बाबांना ते आवडलं असावं. शहरातून येणारी माणसं आल्या आल्या फोटो काढतात.

मग तिने गेम समजावून सांगितला. डोंगरातलं सगळं धान्य नाहीसं झालं आहे. एक मुलगी कोयता घेऊन ते परत आणायला निघते. वाटेत राक्षस, वेताळ, भुतं आडवी येतात, त्यांच्याशी ती लढते. हे सगळे मुखवटे तुमच्या बोहाड्यातले घेऊ का, असं तिचं विचारणं होतं.

बाबा म्हणाले, "राक्षसाला मारा. त्याचा काय नाय. तो मरायलाच येतो. पण आमचा वाघोबा देव हाय. त्याच्यावर हात उचलायचा नाय."

"नाही उचलणार, काका. शब्द देते."

"मंग घ्या."

वाघोबाचं काय करायचं ते तिलाच सुचलं. खिंडीत तो उभा राहतो. मुलीने कोयता खाली ठेवायचा, खाली बसायचं आणि थांबायचं. वाघ जवळ येतो, तिला हुंगतो, आणि वाट सोडतो. बस. गेममधला तो सगळ्यात शांत भाग होता. मी कॉलेज संपवून तिच्याकडे कामाला लागले ते त्या वाघासाठी. त्याची चालण्याची, बसण्याची, मान वळवण्याची प्रत्येक आकृती माझ्या हातची आहे.

त्याचा आवाज बाबांचा. त्यासाठी ते एस.टी.ने जव्हारला आले, मांडीवर एक रिकामं मडकं घेऊन. काकूंनी दुकानातला पंखा बंद केला, खालची गिऱ्हाइकं गप्प बसवली, आणि बाबांनी वरच्या खोलीत मडक्यात तोंड घालून डरकाळी फोडली. खाली एक बाई ब्लाउजपीस टाकून रस्त्यावर गेली. मडक्यात जुनं पीठ राहिलं होतं, त्यामुळे तिसऱ्या डरकाळीला बाबांना ठसका लागला आणि ते कण्हत कण्हत खोकत राहिले. ताईने पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. रेकॉर्डिंग बंद करायचं मात्र तिच्या लक्षात आलं नाही. आम्ही सगळे हसलो. बाबा सगळ्यात जास्त हसले.

गेम आला आणि पहिल्याच आठवड्यात आमची शोभा झाली. मुलगी चालता चालता जमिनीत कमरेपर्यंत रुतायची आणि तशीच कापत पुढे जायची. एक म्हैस हवेत तरंगत होती, ती का तरंगते हे आमच्या कोड लिहिणाऱ्या दोघांना महिनाभर कळलं नाही. स्वस्त मोबाईल इतके तापायचे की एकाने लिहिलं, थंडीत उपयोगी आहे. लोकांनी शिव्या घातल्या. आम्ही तोंड लपवून बसलो. ताई मात्र सकाळी आली, चहा मागवला आणि एकेक शिवी मोठ्याने वाचायला लागली. शिवी वगळून उरलेलं फळ्यावर लिहायची. "हा बघ, चिडलाय, पण बरोबर चिडलाय," असं म्हणायची.

त्यानंतरचं वर्ष मला कुणी परत दिलं तर मी घेईन. दर काही दिवसांनी एक अपडेट निघायचा. मुलगी जमिनीवर आली. म्हैस उतरली. ती उतरली तेव्हा काही खेळणाऱ्यांनी तक्रार केली की आमची उडती म्हैस कुठे गेली, म्हणून ताईने एका कोपऱ्यातल्या झाडावर तिला पुन्हा बसवलं. जामसरच्या एका शिक्षकांनी कळवलं की गेममधली मुलगी कोयता चुकीच्या हातवाऱ्याने चालवते, असा चालवला तर स्वतःच्याच पायावर बसेल. ताई दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेतावर गेली, त्यांना गवत कापताना पाहिलं, आणि सगळे वार नव्याने करायला लावले. प्रत्येकाला ती स्वतः उत्तर लिहायची. मला टायफॉइड झाला तेव्हा मी तिच्या घरी होते, काकूंच्या खोलीत. ती माझ्या उशाशी बसून पेज भरवायची आणि दुसऱ्या हाताने कुणा अनोळखी माणसाला उत्तर लिहीत असायची की माफ करा, तुमचा खेळ मध्येच बंद पडतो आहे, आम्ही बघतो.

सगळं सुधारत गेलं. एक तक्रार तेवढी थांबेना. वाघ मरत नाही.

लोकांना तो बिघाड वाटत होता. खिंडीत येऊन ते वाघावर वार करत सुटायचे. वार आरपार जायचा, वाघ नुसता बघत राहायचा. शेवटी वैतागून लोक लिहायचे की इथे गेम अडकला आहे, दुरुस्त करा. ताईने आधी एक सूचना घातली, कोयता खाली ठेवा. लोकांनी वाचली नाही. मग मुलीच्या तोंडी वाक्य घातलं. मग वाघाच्या पायाशी शेंदूर लावलेला दगड ठेवला, हा देव आहे हे कळावं म्हणून. एकाने लिहिलं, दगड छान आहे, पण वाघ अजून मरत नाही.

आम्हाला हसू यायचं. तिला हळूहळू येईनासं झालं. मी ते पाहत होते. मुंबईची एक कंपनी गेम मोठ्या प्रमाणावर बाहेर न्यायला तयार झाली होती. त्यांची माणसं फोनवर गोड बोलायची आणि शेवटी त्याच खिंडीवर यायची. फोन ठेवल्यावर ती खिडकीशी जाऊन डेपोकडे बघत उभी राहायची.

पावसाळ्याच्या तोंडाशी तिने मला एक काम दिलं.

"वाघ झोपलेला काढशील?"

"झोपलेला?"

"पुढचे पाय दुमडलेले, मान जमिनीला टेकलेली, डोळे मिटलेले. मुलगी बसली की तोही तिच्या शेजारी आडवा होईल. लोकांना त्याची माया वाटली पाहिजे."

मला ते इतकं आवडलं की मी घरी जाऊन आले. दुपारी जेवून बाबा ओटीवर कुशीवर झोपतात, एक हात गालाखाली, तोंड किंचित उघडं. मी त्यांच्यासमोर बसून चित्रं काढली. मान कशी सैल पडते, खांदा कसा खाली येतो, सगळं त्यांच्यावरून घेतलं आणि वाघाला दिलं. माझ्या आयुष्यात मी इतकं चांगलं काही काढलं नव्हतं. ताईने ते पाहिलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. ते मी स्वतः पाहिलं आहे, म्हणून सांगते. पुढे काय झालं हे कळल्यावरही ते डोळे खोटे होते असं मला म्हणता येत नाही.

मग मी आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, घरी गेले. आमच्या पाड्यावर मोबाईलला रेंज नाही. बहिणीचे यजमान, दाजी, ठाण्याला कामाला असतात, तेही आवणीसाठी आले होते. दुपारी चिखलाचे पाय धुऊन आम्ही भाकरी खायला बसलो, तेव्हा दाजींनी कौतुकाने खिशातून मोबाईल काढला. गाडीत बसायच्या आधी त्यांनी नवा अपडेट उतरवून घेतला होता.

"मामा, हे बघा," ते बाबांना म्हणाले. "आता झालाय गेम भारी. कंपनीतली पोरं सगळी खेळतात. मी तुमच्या वाघाला दोन वेळा पाडला."

बाबांना आधी कळलं नाही. मलाही नाही. दाजींनी खेळून दाखवलं. खिंड आली. वाघ आला. मुलीने कोयता खाली ठेवला नाही. तिने वार केला आणि तो लागला. रक्त उडालं. वाघ उलटून अंगावर आला, दाजी सराईतपणे बाजूला झाले, पुन्हा वार. त्या प्रत्येक वाराला वाघ कण्हत होता, खोकत होता. मडक्यातला तो ठसका होता. आमच्याच घरात, भाकरीच्या ताटासमोर, बाबांचा आवाज मार खात होता आणि बाबा तो ऐकत होते.

शेवटी वाघाचे पुढचे पाय दुमडले. मान खाली आली. डोळे मिटले. खांदा हळूच सैल पडला.

माझं चित्र होतं ते. एक रेघ बदललेली नव्हती.

वर अक्षरं आली, तुम्ही जिंकलात.

दाजींचा चेहरा आमच्याकडे बघून उतरला. भला माणूस, त्यांना बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी मोबाईल उपडा ठेवला. बाबांनी ताट बाजूला सारलं.

"तुला विचारलेलं तिनं?"

"नाही, बाबा."

"चित्र तर तुजा हाय."

"झोपलेला काढ म्हणाली होती."

बाबांनी मान हलवली आणि हात धुवायला उठले. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं. दुपारी ते पुन्हा चिखलात उतरले आणि संध्याकाळपर्यंत रोपं लावत राहिले.

मी जव्हारला गेले. जिना चढताना खालून काकूंनी हाक मारली, गेल्या आठवड्यात पेढे आणले होते, तुझ्यासाठी ठेवलेत म्हणाल्या. वर ताई फळ्यासमोर उभी होती. फळा कोरा होता. इतका कोरा तो मी कधी पाहिला नव्हता.

ती काही बोलायच्या आत मी विचारलं, "झोपलेला काढ म्हणालात तेव्हाच ठरलं होतं?"

तिला खोटं बोलता आलं असतं. कंपनीने ऐनवेळी करायला लावलं म्हणाली असती तर मी विश्वास ठेवला असता. मला तो ठेवायचाच होता.

"हो," ती म्हणाली.

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू काढलंच नसतंस." ती हे शांतपणे म्हणाली, एखादी अडचण कशी सोडवली हे सांगावं तसं. "आणि दुसऱ्या कुणाला तो तसा आला नसता. बस ना जरा. अगं, लोक तिथे अडकून गेम सोडून जात होते. किती जणांना समजावू मी? इतक्या माणसांनी एकच गोष्ट सांगितली तर ऐकायला नको?"

"बाबांनी पण एकच गोष्ट सांगितली होती."

तिने चष्मा काढला, पुसला, घातला. मग म्हणाली, "खेळ आहे गं तो. खरा वाघोबा थोडाच आहे त्यात."

हे ती म्हणत होती, जी माझ्या बाबांच्या शेजारी मातीत बसली होती. तुम्हाला सांगते, वाघाच्या रक्ताने मला जेवढं लागलं नाही तेवढं या एका वाक्याने लागलं. मी माझी रंगांची पेटी उचलली आणि खाली आले. काकूंनी पेढ्यांचा डबा पुढे केला. त्यांना मी नाही म्हणू शकले नाही. तो डबा मी एस.टी.त सीटखाली ठेवला आणि तसाच ठेवून उतरले.

गेम चालला. खूप चालला. काही महिन्यांनी तिने मला निरोप पाठवला की नव्या अपडेटमध्ये एक सोय केली आहे. सेटिंगमध्ये जाऊन वाघाशी लढाई बंद करता येते. मग तो पूर्वीसारखा नुसता हुंगून वाट सोडतो. काकांना सांग, असं शेवटी लिहिलं होतं.

मी सांगितलं. बाबा विळीला धार लावत होते.

"म्हंजे देव चालू-बंद करायचा बटन लावलंय," ते म्हणाले, आणि धार लावत राहिले.

त्यांनी त्या वर्षी सोंग घेतलं नाही. वाघोबा नाचला, पण माझ्या चुलतभावाच्या अंगावर. विचारणाऱ्यांना बाबा गुडघा दुखतो सांगायचे. आवणीत दिवसभर वाकणारा माणूस. कुणी पुढे विचारलं नाही.

त्या बोहाड्याच्या आधी ती आली होती. कुणाला न कळवता, भाड्याच्या जीपने, भर दुपारी. मी तेव्हा शाळेत चित्रकला शिकवायला लागले होते, पण सुट्टी होती म्हणून घरी होते. ती अंगणाच्या कडेला उभी राहिली. बारीक झाली होती. कपडे भारी होते. कंपनीने तिला मुंबईला बोलावलं होतं, वरच्या खोल्या ती रिकाम्या करत होती.

बाबांनी तिला खाटेवर बसवलं. आईने पाणी दिलं, मग कोरा चहा, मग नागलीची भाकरी आणि चटणी. बाबांनी काकूंची तब्येत विचारली. दुकान आता कोण बघणार ते विचारलं. पाऊस कसा झाला ते सांगितलं. ती प्रत्येक वेळी तोंड उघडायची, आणि बाबा आणखी काही साधंच विचारायचे. ते भांडले असते तर तिला माफी मागता आली असती, समजावून सांगता आलं असतं. त्यांनी तिला ती जागाच दिली नाही. मुखवटा भिंतीवर कापडात गुंडाळलेला होता. तिने एकदा तिकडे पाहिलं. बाबांनी पाहिलं नाही.

निघताना ती त्यांच्या पाया पडायला वाकली. बाबांनी पाय मागे घेतले नाहीत, डोक्यावर हात मात्र ठेवला नाही.

पाहुण्याला रस्त्यापर्यंत पोचवायचं ही आमची रीत. जीप डांबरी सडकेवर उभी होती. बाबा पुढे, ती मागे, तिच्यामागे मी. पाड्याच्या शिवेवर सागाच्या खोडावर कोरलेला वाघोबा आहे, पावसाने त्याचं नाक झिजलं आहे. बाबा तिथे थांबले, चपला काढल्या. तिनेही काढल्या. बाबांनी हात जोडले आणि देवाशी बोलले, घरच्या थोरल्याशी बोलावं तसं.

"ही बाय आमच्याकडं आलेली. लांब चाललीय. वाटंत तिला सांभाळ."

तिचे खांदे हलत होते. तोंड मला दिसत नव्हतं. बाबा बाजूला झाले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. आता मी हात जोडायचे होते, तिच्यासाठी तेच मागायचं होतं. मी हातात तिची पिशवी धरली होती. ती मी खाली ठेवली नाही.

ती जीपमध्ये बसली. मी पिशवी खिडकीतून तिच्या मांडीवर दिली. सडक वळेपर्यंत बाबा उन्हात अनवाणी उभे होते.